अल्पसंख्य भागधारकांचे संरक्षण (कंपनी-संपादनातील)

संयुक्त भांडवल कंपनीत मतदान भागांच्या प्रमाणात होते. त्यामुळे ज्यांच्या हाती निर्णायक मतसंख्या नसते, अशा भागधारकांना अल्पसंख्य भागधारक म्हणतात. कंपनीचे बहुतेक भाग एखाद्याने विकत घेतले, की त्यांचे स्थान विशेष दुर्बल होते. लहान कंपनीच्या भागांना गिऱ्हाईक थोडे. शेअरबाजाराच्या यादीतून तिचे नाव गेल्यास विक्रीचा उघड मार्गही बंद होतो. अशा भागधारकांना कंपनीबाहेर काढता येईल काय आणि कोणत्या किंमतीस, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

इंग्लंडमध्ये ‘फॉस विरुद्ध हारबॉटल’ (१८४३) या निर्णयाने कंपनीच्या हानीबद्दल दाद मागण्याचा अधिकार सामान्यतः कंपनीचाच, म्हणजे व्यवहारतः बहुमताचा, ठरला. पुढे १९२९ च्या अधिनियमाने नऊ-दशांश भाग मिळविणाऱ्यास उरलेले भाग सक्तीने घेण्याची मुभा दिली. तथापि नऊ-दशांश भागांच्या दोघा धारकांनी केवळ तिसऱ्यास घालविण्यासाठी नवी कंपनी काढली, तेव्हा न्यायालयाने तो डाव अमान्य केला (‘ब्यूगल प्रेस’, १९६०).

भारतात व्यवस्थापन अभिकर्ता पद्धतीमुळे थोड्या भांडवलावरही कंपनीचे नियंत्रण राखता येई. ही पद्धती ३ एप्रिल १९७० रोजी संपुष्टात आली. तत्पूर्वी १९५६ च्या कंपनी अधिनियमातील कलमे ३९७ व ३९८ यांनी दडपणूक व गैरव्यवस्थापन यांविरुद्ध दाद मागण्याची सोय केली होती. कलम ३९५ नुसार, संपादकाचे आधीचे भाग वगळून, नऊ-दशांश मूल्याच्या भागांची संमती चार महिन्यांत मिळाल्यास उरलेले भाग घेता येत. असहमत भागधारकास सूचनेपासून एक महिन्यात न्यायालयात जाता येई. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या २०११ च्या विनियमांनुसार २५ टक्के मताधिकार मिळविणाऱ्यास आणखी किमान २६ टक्के भागांसाठी खुला देकार द्यावा लागतो. मात्र हे संरक्षण शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांपुरतेच आहे.

नोंदणी गेल्यानंतरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे निवडक भांडवल-कपातीच्या रूपाने आला. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीने प्रवर्तकेतर भागधारकांचे भाग दर भागास ८५० रु. देऊन रद्द करण्याचे योजिले. एकल न्यायाधीशांनी २००४ मध्ये संमती नाकारली. परंतु किंमत वाजवी असून प्रवर्तकेतरांतील बहुमतही अनुकूल असल्याचे पाहून खंडपीठाने २००९ मध्ये योजना मान्य केली. याच वर्षी कॅडबरी इंडियाने १,३४० रु. किंमत ठरविली. भागधारकांनी हरकती घेतल्यावर न्यायालयाने स्वतंत्र मूल्यनिर्धारक नेमला आणि २०१४ मध्ये २,०१४.५० रु. किंमतीस योजना संमत झाली. भागधारकांना बाहेर जावे लागलेच, परंतु दर भागामागे ६७४.५० रु. अधिक मिळाले. न्यायालयीन छाननीचा भर बाहेर काढण्याच्या अधिकारावरून किंमतीच्या वाजवीपणाकडे कसा वळला, हे यावरून दिसते.

२०१३ च्या अधिनियमात सामूहिक दाव्याची तरतूद (कलम २४५) आहे. कलम २३६ नुसार ९० टक्के भाग मिळविणाऱ्याने नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाने ठरविलेली किंमत उरलेल्या भागधारकांना देऊ करावयाची असते. मात्र कलम २३५ प्रमाणे न्यायाधिकरणाकडे हरकत घेण्याची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. कंपनीचे हिशेब व भावी योजना यांची माहिती प्रवर्तकांपाशी एकवटलेली असते. म्हणून मूल्यनिर्धारकाचे स्वातंत्र्य आणि त्याचा अहवाल तपासण्याची संधी यांवरच लहान भागधारकाचे संरक्षण मुख्यतः अवलंबून असते.