पालकांची साक्ष आणि ब्रिटनमधील एम.एम.आर. लसीचा वाद

इ. स. १९९८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २८ तारखेस लंडनहून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात पाच पृष्ठांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे बारा सहकारी हे त्याचे लेखक होत. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात तपासलेल्या बारा मुलांची हकीकत त्यात होती. या मुलांच्या आतड्यांत दाह आढळला होता व बहुतेकांत स्वमग्नतेची लक्षणे होती. पैकी आठ मुलांच्या बाबतीत ही लक्षणे गोवर, गालगुंड व रुबेला या तीन रोगांवरील संयुक्त लस टोचल्यानंतर दिसू लागली, असे पालकांचे म्हणणे असल्याची नोंद होती. लस आणि विकार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही निबंधात स्पष्ट लिहिलेले होते. तथापि दोन दिवस आधी भरलेल्या पत्रकार परिषदेत वेकफील्ड यांनी संयुक्त लसीऐवजी तीन लसी वेगवेगळ्या द्याव्यात, असे सुचविले. निबंध थोड्यांनी वाचला. परिषदेतील सूचना मात्र घरोघर पोचली.

या प्रकरणाचा इतिहास सामान्यतः एका लबाडीचा व तिच्या उघडकीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. निकाल ठाऊक असताना असे लिहिणे सोपे असते. अधिक अवघड प्रश्न असा की, सुशिक्षित, मुलांची नीट काळजी घेणारे सहस्रावधी पालक या संशयाला का वश झाले? त्यांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

१९९८ पूर्वीच्या पाव शतकात ब्रिटिश पालकाने काय काय पाहिले होते, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १९७४ साली डांग्या खोकल्याच्या लसीमुळे मेंदूस इजा होते, अशी शंका लंडनमधील डॉक्टरांनीच प्रसिद्ध केली. लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण शेकडा ८० च्या आसपास होते, ते काही वर्षांत शेकडा ३० पर्यंत उतरले आणि १९७७–७९ मध्ये रोगाची मोठी साथ आली. १९७९ मध्ये लसीमुळे इजा झालेल्यांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा संसदेने केला. म्हणजे क्वचित का होईना, अशी इजा संभवते हे शासनानेच मान्य केले. एम.एम.आर. लस ऑक्टोबर १९८८ पासून सुरू झाली. तिच्या दोन प्रकारांतील गालगुंडाच्या विषाणूमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह होतो, असे आढळल्यावरून सप्टेंबर १९९२ मध्ये ते प्रकार मागे घ्यावे लागले. याखेरीज गोमांसाचे प्रकरण होतेच. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी आपल्या चार वर्षांच्या कन्येस छायाचित्रकारांसमोर बर्गर देऊ करून गोमांस निर्धोक असल्याची ग्वाही दिली होती. मार्च १९९६ मध्ये गाईंचा तो रोग माणसास होत असल्याची शक्यता शासनाला कबूल करावी लागली. दोनच वर्षांनी ‘लस निर्धोक आहे’ असे तेच शासन सांगू लागले, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात जुनी ग्वाही जागी झाली असल्यास नवल नाही. डिसेंबर २००१ मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आपल्या धाकट्या मुलास ही लस दिली की नाही, हे सांगण्याचे खाजगी बाब म्हणून नाकारले. खाजगीपणाचा हक्क निर्विवाद. पण त्या मौनाचा अर्थ लोकांनी आपल्या परीने लावला.

दुसरे कारण स्वमग्नतेच्या शास्त्राच्या इतिहासातच दडलेले आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या विकाराचे वर्णन केले, त्यात आईबापांच्या भावशून्यतेचा उल्लेख होता. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांच्या लेखनाने आईच्या थंडपणामुळेच मूल मिटून जाते, हे मत रूढ केले. म्हणजे दोन दशके मातेची साक्ष ही साक्ष नव्हतीच. ती आरोपीची जबानी होती. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये हे मत खोडून काढले. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. (याच रिमलंड यांनी उतारवयात लसीविषयीच्या संशयाची बाजू घेतली, हा योगायोग खासच नव्हे.) ज्या आईबापांकडे वैद्यकाने इतकी वर्षे संशयाने पाहिले, त्यांना ‘तुम्ही पाहिलेत ते खरे असेल’ असे म्हणणारा एक डॉक्टर भेटला. वेकफील्ड यांच्या प्रभावाचे मर्म येथे आहे.

परंतु प्रामाणिक साक्ष आणि अचूक साक्ष यांत अंतर असते. इतिहासाच्या अभ्यासकास ते सांगावयास नको. एम.एम.आर. चा पहिला डोस वयाच्या बाराव्या ते पंधराव्या महिन्यात दिला जाई; बोलणे खुंटणे, नजर न देणे ही लक्षणेही दुसऱ्याच वर्षी ध्यानात येतात. दोन घटना शेजारी पडणे अटळच होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात पालकांच्या कथनांची तुलना करण्यात आली. जाहीर वादानंतर ज्यांच्या मुलांचे निदान झाले, ते पालक विकाराचा आरंभ लसीनंतर लगेच झाल्याचे अधिक प्रमाणात सांगत. वादापूर्वी निदान झालेल्यांच्या कथनात तसे आढळत नव्हते. कोणी खोटे बोलत नव्हते. स्मृतीने आपली मांडणी बदलली होती.

लोकसंख्येच्या पातळीवरील पुरावा निःसंदिग्ध निघाला. ब्रेंट टेलर प्रभृतींनी १९९९ मध्ये लंडन परिसरातील ४९८ मुलांच्या नोंदी तपासल्या. लस सुरू झाल्याने आकडा एकाएकी वाढल्याचे त्यांत दिसले नाही. डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण सारखेच आढळले.

मूळ निबंधाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. लस उत्पादकांवर दावा लावणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना मोबदला मिळत होता, हे पत्रकार ब्रायन डिअर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये उघड केले. पुढील महिन्यात दहा सहलेखकांनी निष्कर्षाचा अर्थ मागे घेतला. २ फेब्रुवारी २०१० रोजी ‘लॅन्सेट’ने निबंधच रद्द केला आणि मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले. मात्र डिअर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. काही मुलांची लक्षणे लसीपूर्वीच नोंदली गेली होती, आणि निबंधातील कालक्रम आपल्या मुलाच्या कालक्रमाशी जुळत नाही, असे एका पित्यानेच सांगितले. ज्या साक्षीच्या नावाने सारा वाद उभा राहिला, तीच साक्ष कागदावर उतरताना बदलली गेली होती.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या वाढदिवसापर्यंत ही लस घेणाऱ्यांचे प्रमाण १९९५–९६ मध्ये शेकडा ९२ च्या जवळपास होते, ते २००३–०४ मध्ये ८० वर आले. दक्षिण वेल्समध्ये स्थानिक वृत्तपत्राने १९९७ पासूनच लसीविरुद्ध लेखमाला चालविली होती व तेथील घट विशेष होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच भागातील स्वान्सी येथे गोवराची साथ सुरू झाली. जुलै २०१३ पर्यंत सुमारे बाराशे रुग्णांची नोंद झाली. पंचवीस वर्षांचा एक तरुण दगावला. रुग्णांत दहा ते अठरा वर्षे वयाची मुले सर्वाधिक होती. एप्रिल महिन्यात शनिवारी रुग्णालयांतून खास लसीकरण ठेवण्यात आले, तेव्हा पंधरा वर्षांपूर्वी जी बाळे टोचून न घेता घरी ठेवली गेली होती, ती आता आईवडिलांच्या खांद्याला लागलेली मुले होऊन त्यांच्याच सोबत रांगेत उभी होती.