कीटकवंशाची राखण

पेण तालुक्यांतील जित्यासारख्या गांवचा शेतकरी भाताचें बियाणें घरांत जपून ठेवतो आणि पुढील मृगाला राबाच्या जागेंत पेरतो. मधल्या महिन्यांत बियाण्याला अन्न लागत नाहीं, पाणी लागत नाहीं; बीज निजून राहतें. कीटकांच्या अभ्यासकाला मात्र ही सोय नाहीं.

इ. स. १९१० सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत टॉमस मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. त्याचा वंश आजहि प्रयोगशाळांत चालू आहे. पण तो चालतो कसा? माशीची पिढी सुमारें दहा दिवसांची. म्हणून दर कांहीं आठवड्यांनीं माश्या जुन्या बाटलींतून नव्या बाटलींत सोडाव्या लागतात. एकदां हयगय झाली किंवा बुरशी लागली, कीं वंश खुंटला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी यांनीं सेमूर बेंझर यांच्यासह उष्णतेनें लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर केलेलें संशोधन १९७६ सालीं प्रसिद्ध झालें, तें अशा जपलेल्या वंशांच्या आधारावरच.

मग अंडीं गोठवून कां ठेवूं नयेत? बर्फाच्या स्फटिकांनीं पेशी फाटूं नयेत म्हणून त्यांत एक संरक्षक द्रव्य घालावें लागतें. माशीच्या अंड्याभोंवतींचा मेणासारखा थर तें आंत शिरूं देत नाहीं. शिवाय बर्फ होण्यापूर्वींच नुसत्या गारठ्यानें गर्भ मरतो. त्यामुळें हळूहळू गोठविण्याची रीत येथें निरुपयोगी ठरली.

पुण्यानें या प्रश्नाची निराळी बाजू दाखविली. १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्रांत के. आर. पी. सिंग यांनीं एडिस डांसांच्या अळ्यांपासून पेशी काढून कांचपात्रांत वाढविल्या. तें वृत्त १९६७ सालीं प्रसिद्ध झालें. सुट्या पेशींना तसलें कवच नसतें; त्या द्रवरूप नत्रवायूंत, उणें १९६ अंशांवर, वर्षानुवर्षें टिकतात. त्यांतूनच अकिरा इगाराशी यांनीं १९७८ सालीं निवडलेली सी ६/३६ ही शाखा डेंग्यू व चिकुनगुन्या यांच्या अभ्यासासाठीं जगभर वापरली जाते. परंतु त्या पेशींतून डांस पुन्हां जन्मत नाहीं. वंश राखावयाचा तर गर्भच राखला पाहिजे.

तें अमेरिकेंत साधलें. पीटर स्टेपोनकस यांच्या गटानें १९९० सालीं व पीटर मेझर यांच्या गटानें १९९२ सालीं अंड्याचा थर भेदून द्रव्य आंत घातलें आणि गारठ्याला अवसरच मिळूं नये इतक्या वेगानें अंडीं थंड केलीं. रीत खरी, पण इतकी अवघड कीं ती रूढ झाली नाहीं. २०२१ सालीं मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनीं ती सुलभ केली आणि २५ निरनिराळ्या वंशांवर यशस्वी करून दाखविली.

इंडियानांतील ब्लूमिंग्टन येथील संग्रहांत सत्तर हजारांहून अधिक वंश बाटल्या बदलून जिवंत राखले जातात. गोठवण सर्वत्र रूढ झाली, तर कीटकाच्या वंशालाहि कणगी लाभेल.