राखणदार कोण?

राखण हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या आयुष्यात जितका खोल रुतून बसला आहे तितका दुसरा क्वचितच बसला असेल. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरांपासून राखण, भुईमूग भरला की डुकरांपासून राखण, खळ्यावर रास पडली की चोरांपासून राखण. या एका शब्दात जागरण आहे, थंडी आहे, गोफण आहे, शेकोटी आहे आणि उद्याच्या भाकरीची काळजीही आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत या शब्दाला एक उलटा अर्थ येऊन चिकटला. ज्या हरणापासून पीक राखावयाचे, त्या हरणाचीच आता राखण करा, असे कायदा सांगू लागला. मग शेतकऱ्याने राखावे तरी काय? पीक की हरीण?

हा प्रश्न पुस्तकी नव्हे. आमच्या वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारा रस्ता दुभंगतो. एक फाटा हिंगोलीकडे जातो, दुसरा यवतमाळवरून नागपूरकडे. रस्त्यावरून रात्रंदिवस मोटारी धावतात, आणि रस्त्यापासून कोसभर आत गेले की सोयाबीनच्या आणि हरभऱ्याच्या रानात रोही आणि रानडुकरे धावतात. पैनगंगेच्या पलीकडे अभयारण्य आहे, इसापूरच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात. ती पाहून मन हरखते, हे खरे. पण ज्याचे अर्धे पीक एका रात्रीत तुडवले गेले, त्याला सृष्टिसौंदर्यावर व्याख्यान देण्याची हिंमत कुणी करू नये. नुकसानभरपाईचा नियम आहे; परंतु पंचनामा, कागद आणि खेटे यांचा हिशेब मांडला की पुष्कळदा माणूस नुकसान सोसणेच पसंत करतो.

तेव्हा वाचकहो, रानाची राखण कुणी करावयाची, या प्रश्नाची उत्तरे इतिहासाने कशी दिली आहेत ते जरा पाहू या.

पहिले उत्तर देवाचे. कोकणात आणि सह्याद्रीच्या रांगांत गावोगाव देवराया आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या या रानातली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही, तेथे कुऱ्हाड चालवावयाची नाही, असा दंडक. श्री. वा. द. वर्तक आणि श्री. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील या देवरायांचा अभ्यास केला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. आसपासचे डोंगर उघडे पडले असताना या एवढ्याशा तुकड्यांत जुने वृक्ष, वेली, पाखरे आणि पाण्याचे झरे टिकून राहिले होते. तेथे पहारेकरी नव्हता, तारेचे कुंपणही नव्हते. होता तो गावाचा एकमेकांवरचा डोळा आणि देवाचा धाक. देवराईतला झरा गावाला पाणी देई, अडल्यानडल्या वेळी औषधाची मुळी देई. म्हणजे धाकाच्या पाठीशी उपयोगही होता. नुसत्या धाकावर इतकी शतके कुणी काही राखत नाही.

दुसरे उत्तर राजाचे. रामचंद्रपंत अमात्यांनी इसवी सन १७१६ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे आणावे याचा विचार आहे. त्यात आंबा-फणसासारखी रयतेने वाढवलेली झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, जीर्ण होऊन कामातून गेली असतील तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावीत, अशी शिकवण आहे. झाड राखण्याचे कारण त्या मुत्सद्द्याने दिले ते रयतेचे दुःख हे होय. ही गोष्ट मोठी आहे. दुर्दैवाने ती पुढे विसरली गेली. इंग्रज आले, त्यांनी १८७८ साली वनांचा कायदा केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून लोक मोहफुले आणि सरपण आणत होते ते रान एका दिवसात सरकारचे झाले. त्याच सुमारास, १८७२ साली, अमेरिकेत यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. आणि तेथल्या मूळच्या रहिवाशांना त्या भूमीतून दूर सारण्यात आले. रान वाचवावयाचे तर माणूस बाहेर काढावयाचा, ही कल्पना तेथून जगभर पसरली. आणि राजेरजवाड्यांचे म्हणाल, तर त्यांनी रान राखले ते बहुधा शिकारीसाठी. चित्त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९५२ साली तो भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले.

तिसरे उत्तर कायद्याचे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्यावाचून आज वाघही उरले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ते साल महाराष्ट्राला कशासाठी आठवते? बहात्तरच्या दुष्काळासाठी. ज्या वर्षी मराठवाड्यातली बायाबापडी दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, त्याच वर्षी हरणाला कायद्याचे कवच मिळाले. कायद्याचा हेतू उदात्त होता. पण खडी फोडणाऱ्याला तो कुणी समजावून सांगितला नाही, आणि त्याचे मत विचारण्याचे तर कुणाच्या मनातही आले नाही.

याचे फळ माळढोकाच्या कहाणीत दिसते. माळढोक हा माळरानावरचा थोर पक्षी. डॉ. सलीम अली यांच्या मते राष्ट्रीय पक्ष्याचा मान यालाच मिळावयास हवा होता. १९६३ साली तो मोराला मिळाला. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. जमिनीचा व्यवहार करावयाचा तर अडचण, विहीर-रस्त्याचे काम काढावयाचे तर अडचण. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत हा पक्षी निर्धास्त हिंडत असे, त्याला तो आता आपल्या सातबाऱ्यावर बसलेला दिसू लागला. पुढे तीसएक वर्षांनी अभयारण्य घटवून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले; पण तोवर वेळ निघून गेली होती. आज साऱ्या भारतात माळढोक उरले आहेत ते दीडशेच्या आसपास, आणि बहुतेक राजस्थानात. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, शिकार झाली, ही कारणे आहेतच. परंतु ज्याच्या शेतात पाखरू राहते त्याचे मन त्या पाखरावरून उडाले, हे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

आता चौथे उत्तर. ते लोकांचे आहे, आणि ते ऐकण्यासाठी कोकणात गेले पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्याजवळ वेळास नावाचे गाव आहे. इतिहासाच्या वाचकाला हे नाव परके नाही. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. पुण्यात बसून अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार ज्याने हाकला त्याच्या गावाला पुढे दोनशे वर्षे कुणी विचारले नाही. तरणी पोरे मुंबईला, घरी म्हातारी माणसे, आणि समोर समुद्र, अशी कोकणातल्या शंभर गावांसारखी त्याची स्थिती होती.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे श्री. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची घरटी शोधत या किनाऱ्यावर फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की दर थंडीत समुद्रातून कासविणी येतात, रात्री वाळूत दीडएक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. आणि सकाळ होण्यापूर्वी ती अंडी माणूस तरी नेतो, नाहीतर कुत्री-कोल्हे तरी.

येथे काटदरे यांनी जी वाट धरली तीच या साऱ्या कथेचे मर्म आहे. त्यांनी अंडी चोरणाऱ्यांना पकडून दिले नाही. त्यांनाच राखणीला लावले! कासवाचा माग ओळखावा तो अंडी काढणाऱ्यानेच. वाळूवरचा तो ओळखीचा रेघोटा पाहून घरटे कोठे असेल हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार? गावकऱ्यांनी किनाऱ्यावर कुंपण घातले, रात्री गस्त घालून अंडी अलगद काढली, तितक्याच खोलीच्या खड्ड्यात कुंपणाच्या आत पुरली, आणि पन्नासएक दिवस वाट पाहिली. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्ले समुद्राकडे चालत गेली.

चालत गेली, असे मी मुद्दाम लिहिले. पिल्लू उचलून पाण्यात सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात आणि त्याला आपल्या पायांनी जाऊ देतात. कारण या चालण्यातच त्याला आपल्या किनाऱ्याची ओळख पटते असे जाणकार मानतात. पंधराएक वर्षांनी तीच मादी पुष्कळदा आपल्या जन्माच्या किनाऱ्याकडे अंडी घालावयास परतते. माहेरची वाट विसरत नाही, म्हणा ना!

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले निघण्याच्या दिवसांत शहरातली माणसे गावात येऊ लागली. गावाने हॉटेल बांधले नाही; घरे उघडली. पडवीत पाहुण्यांचे अंथरूण, माजघरात पंगत, पानात उकडीचे मोदक. पैसा थेट घरच्या लक्ष्मीच्या हाती येऊ लागला. पूर्वी एका घरट्याच्या अंड्यांचे जे चार पैसे मिळत ते एकदाच मिळत. आता जिवंत कासव दरवर्षी घर चालवावयास मदत करू लागले. पुढे हे काम वनखाते आणि गावकरी यांच्या हाती गेले, आसपासच्या किनाऱ्यांवरही पसरले. २०२२ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी याच वेळासच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ नाव दिले. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत एक कासवीण अंडी घालताना सापडली, तिच्या पायावर ओडिशातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये लावलेला बिल्ला होता! पूर्व किनाऱ्याची पाहुणी सारा दक्षिण समुद्र वळसा घालून आमच्या कोकणात आली होती.

वेळासची गोष्ट गोड आहे म्हणून ती संपली असे मात्र समजू नये. पिल्ले उजेडाकडे धावतात. समुद्रावरचा आभाळाचा उजेड त्यांना वाट दाखवतो. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट झाला तर ती उलट दिशेला, जमिनीकडे, मरणाकडे चालू लागतात. वाळू फार तापली तर अंड्यातून बहुतेक माद्याच निघतात, आणि त्याहून तापली तर काहीच निघत नाही. म्हणजे कासवामुळे आलेला पैसा दिवे आणि बंगले घेऊन आला, तर तोच कासवाला घालवील. आपली मिळकत कोठे थांबवावयाची हे गावाला ठरवता आले पाहिजे. विकास टिकाऊ असावा असे जे म्हणतात त्याचा सोपा अर्थ हाच : कोंबडी कापून खावयाची नाही, अंडे खावयाचे, आणि कासवाच्या बाबतीत, अंडेही खावयाचे नाही!

ठरवण्याचा हा हक्क गावाला असावा, हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीने सिद्ध केले. मुंबई-दिल्लीत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी त्यांची घोषणा. श्री. देवाजी तोफा यांच्यासारखा गावचा माणूस आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा सोबती. या गावाची रीत अशी की निर्णय सर्वांच्या संमतीने व्हावयाचा. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसावयाचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा मार्गही मोकळा झाला. मालकी मिळाली म्हणून गावाने जंगल विकून खाल्ले नाही. किती तोडावयाचे आणि किती राखावयाचे हे बसून ठरवले.

दूर नागालँडात असेच घडले. दोयांग जलाशयाभोवती दर वर्षी उतरणारे अमूर ससाणे २०१२ साली जाळ्यांत हजारोंनी मारले जात होते. बातमी फुटली, गावसभा बसल्या, चर्चमधून शब्द फिरला, आणि पुढच्याच वर्षी तेथे शिकार थांबली. ज्यांनी जाळी लावली त्यांनीच ती काढली.

तेव्हा चारही उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कायदा हवा, शास्त्र हवे, संस्था हव्यात. वेळासला काटदरे आले नसते तर काही घडते ना. परंतु रात्री दोन वाजता वाळूवर कंदील न लावता जो चालतो, तो गावचाच माणूस असतो. त्याला मान, मिळकत आणि मत या तीन गोष्टी मिळाल्या तर तो राखतो. नाही मिळाल्या तर तो पाठ फिरवतो, आणि त्याने पाठ फिरवली की कुठलाही शिपाई ते रान वाचवू शकत नाही.

आमच्या मराठवाड्यात समुद्र नाही आणि समुद्रातले कासवही नाही. पण गायराने आहेत, ओढ्याकाठची बने आहेत, इसापूरचे पाणी आहे. भरपाई वेळेवर आणि सन्मानाने मिळाली, गायरानाचा एक तुकडा गावानेच ठरवून मोकळा सोडला, जलाशयावरच्या पाखरांना पाहावयास येणाऱ्याची भाकरी गावातल्याच चुलीवर भाजली गेली, तर येथेही शेतकऱ्याला पीक आणि हरीण यांतून एकच निवडण्याची पाळी येणार नाही. रोही पिकात शिरणारच. पण नुकसान एकट्याचे आणि कौतुक साऱ्या देशाचे, हा अन्याय तरी संपेल.

दिवाळीची सुरुवात आपण वसुबारसेने करतो. गायीला ओवाळून, वासराला घास देऊन, मगच पहिला दिवा घरात लावतो. जनावराचा वाटा आधी काढून ठेवावा, ही शिकवण आपल्याला कुणा परक्याने दिलेली नाही. ती गोठ्यापासून रानापर्यंत नेणे एवढेच काम आता उरले आहे. आणि ते ज्याच्या हाती गोफण आहे त्याला बरोबर घेतल्यावाचून होणार नाही.