अर्जदस्तातले हसू

माउलींनो, भारूड म्हटले की सोंग आठवते. विंचू झाला, जोगवा झाला की मंडप खळखळून हसतो. नाथबाबांचे अर्जदस्त मात्र सावकाश ऐकावे. त्यात नाच नाही. आहे तो धन्याकडे धाडलेला सरकारी अर्ज.

नाथांचा काळ १५३३ ते १५९९. पैठणचा मुलूख तेव्हा निजामशाहीत होता आणि दफ्तरात फारसी शब्दांची दाटी होती. सद्गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्याकडे नाथांनी हिशेब लिहिले, असे संतचरित्रे सांगतात. म्हणजे दफ्तराची बोली नाथांना आतून ठाऊक होती.

या अर्जात जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून कायापुरी किल्ल्याहून गाऱ्हाणे मांडतात, की इथले अंमलदार सरकारकाम चालू देत नाहीत. हे अंमलदार कोण? दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नायकवाडी. देह हा परगणा आणि विकार त्याचे कारभारी, हा परमार्थ आपण निरूपणात ऐकतोच.

पण विकारांना हीच पदे का दिली? शेटे-महाजन पेठेचे वतनदार, देशमुख-देशपांडे परगण्याचे. यांच्या मर्जीवर रयतेचे पोट चाले. क्रोधाला नायकवाडी म्हटल्याबरोबर कुणब्याला वसुलीसाठी दारात उभा राहिलेला माणूस दिसला असेल. त्याला समजावून सांगावे लागले नसेल. वतनदारही तिथेच बसून ऐकत असेल. रागवावे तर रूपक अध्यात्माचे, हसावे तर हसे स्वतःचेच! जोहारात तर नाथांनी गावाबाहेर ठेवलेल्या महाराच्या तोंडी ज्ञान घातले आणि गावाला ऐकायला बसवले.

हीच रीत पुढे गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनात चालवली. काहीच न कळणाऱ्या भोळ्या माणसासारखे ते प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवीत. कर्ज काढून सण करणाऱ्या गरिबालाही ते बोलत, पण आधी त्याचे गाव झाडून. पंढरीत ज्यांना कुठे थारा नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. म्हणून त्यांचे बोलणे गरिबाला लागे, पण टोचत नसे.

आज कीर्तनात विनोद फार वाढला आहे. वाढू द्या, हसण्याला आपल्या संप्रदायात मज्जाव नाही. पण ते हसे कोणावर होते? कर्जात बुडालेला शेतकरी, दारूने नासलेला मजूर, सासरी राबणारी सून यांच्यावर सगळा मंडप हसतो, आणि पुढच्या रांगेतले सावकार-पुढारी निर्धास्त टाळी देतात. नाथांचा बाण उलट दिशेने जात होता.

तेव्हा माउलींनो, पुढच्या सप्ताहात हसू आले की क्षणभर पाहा : मान कोणाची खाली गेली? दुबळ्याची गेली असेल, तर ते भारूड नाथांच्या घरचे नव्हे.

रामकृष्ण हरि.