डब्यातला माणूस

‘स्टार वॉर्स’ मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर, रूममेटच्या लॅपटॉपवर. त्यातला आर-टू डी-टू हा पिंपासारखा रोबो बघून मोटर किती असतील, सेन्सर कुठे बसवले असतील, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. आत माणूस असेल, हे आम्हा चार भावी इंजिनीअरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माणूस होता. केनी बेकर. उंची ३ फूट ८ इंच.

जन्म १९३४ चा, बर्मिंगहॅमचा. आईवडील दोघंही सामान्य उंचीचे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो कमी उंचीच्या कलाकारांच्या एका फिरत्या कंपनीत शिरला. मग सर्कशीत विदूषक, बर्फावरचे स्केटिंगचे शो आणि पुढे जॅक पर्व्हिस या मित्राबरोबर ‘मिनी टोन्स’ ही गाणी-विनोदाची जोडी. म्हणूनच जॉर्ज ल्युकसच्या सिनेमासाठी विचारणा झाली तेव्हा त्याने आधी नकारच दिला. जोडी मोडायची नव्हती. शेवटी पर्व्हिसलाही त्याच सिनेमात काम मिळालं: वाळवंटातल्या भंगारवाल्या ‘जावा’ टोळीचा म्होरक्या.

१९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात शूटिंग सुरू झालं. आर-टूची दोन रूपं होती. तीन पायांवर सरकणारा तो रिमोटवरचा आणि दोन पायांवर उभा राहून डुलणारा तो आत बेकर असलेला. रिमोटवाला वारंवार दगा द्यायचा. (बग नेमका प्रॉडक्शनमध्येच सापडतो, हा नियम तेव्हाही लागू होता.) बेकर मात्र त्या उन्हात, बंद डब्यात, बाहेरचं धड ऐकू येत नसताना डोकं वळवत, अंग झुलवत बसायचा.

आता खरा प्रश्न. याला अभिनय म्हणायचं का? आर-टूच्या शिट्ट्या आणि कुरकुर बेन बर्टने तयार केली, स्वतःचा आवाज आणि सिंथेसायझर मिसळून. त्याला त्यासाठी ऑस्करचा विशेष पुरस्कारही मिळाला. बऱ्याच शॉट्समध्ये तर आत कोणीच नव्हतं. तरी सिनेमा पुन्हा बघा. रिमोटवरचा आर-टू इथून तिथे जातो, बस्स. दोन पायांवरचा बिचकतो, रुसतो, हट्ट करतो. तो ‘गोड’ वाटतो यात बर्टचा वाटा किती आणि बेकरचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण बेकरचा वाटा शून्य धरणं मला पटत नाही. आमच्याकडेही बॅकएंडवाल्याचं नाव सर्व्हर पडल्यावरच निघतं.

त्याची निवड मापामुळे झाली, हे खरंच आहे. डबा ठरलेला होता, त्यात मावणारा माणूस हवा होता. उंची कमी असलेल्या नटांकडे सिनेमा बहुतेक वेळा असाच बघत आला: चेहरा नको, माप हवं. १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये बेकरला दुसरी भूमिका मिळणार होती, विकेट नावाच्या अस्वलासारख्या प्राण्याची. तीही अंगभर केसाळ पोशाखातली. ऐन वेळी तो आजारी पडला आणि ती गेली अकरा वर्षांच्या वॉरविक डेव्हिसकडे. चार फुटांपेक्षा कमी उंचीची माणसं हवीत, ही जाहिरात डेव्हिसच्या आजीने रेडिओवर ऐकली होती. तोच डेव्हिस पाच वर्षांनी ‘विलो’चा नायक झाला, स्वतःच्या चेहऱ्याने. पुढे त्याने कमी उंचीच्या नटांना काम मिळवून देणारी एजन्सीही काढली. बेकरच्या वाट्याला त्या सिनेमात पाप्लू नावाचा तसाच दुसरा प्राणी आला. दुसरा मुखवटा.

त्याचा चेहरा बघायचाच असेल, तर टेरी गिलियमचा ‘टाइम बँडिट्स’ (१९८१) लावा. काळात घुसखोरी करणाऱ्या सहा ठेंगण्या चोरांची टोळी. त्यात बेकर आहे, पर्व्हिसही आहे. किंवा डेव्हिड लिंचचा ‘द एलिफंट मॅन’ (१९८०). त्यात पिंजऱ्यात कोंडलेल्या नायकाला बाहेर काढतात ती तमाशासारखी दाखवली जाणारी त्याच्यासारखीच माणसं. त्यांच्यातला एक बेकर. सर्कशीत उमेदवारी केलेल्या माणसाने तो प्रसंग कसा केला असेल, याचा विचार केल्याशिवाय तो मला आता बघता येत नाही.

पुढच्या तीन ‘स्टार वॉर्स’मध्ये रिमोट सुधारले, कॉम्प्युटर आले, बेकरचं काम जवळपास संपलं. श्रेयनामावलीत नाव मात्र राहिलं. २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये ते आर-टूचा सल्लागार म्हणून आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, तो गेला. ‘द लास्ट जेडाय’साठी त्या जागी घेतला जिमी वी, स्कॉटलंडचा, उंचीने बेकरएवढाच. तोवर रिमोट उत्तम चालत होते.