बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याची गवाही: आपलं संकेतस्थळ गुगलवर वर कसं आणायचं?

परभणी शहरात, तसंच सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा, गंगाखेड अशा गावांत आता आपल्या लोकांची संकेतस्थळं दिसतात. कुणाची उर्दू माध्यमाची शाळा, कुणाचं उमरा टूर्सचं ऑफिस, कुणाचं बी-बियाण्यांचं दुकान, तर कुणाचा तालीमी ट्रस्ट. साइट बनते, पैसे खर्च होतात, पण गुगलवर शोधलं की नाव तिसऱ्या-चौथ्या पानावर. मग एके दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: ‘थोड्या पैशांत हजारो बॅकलिंक, महिन्याभरात पहिला नंबर, गॅरंटी.’ आमच्याकडे याबद्दल विचारणा होत असते. पैसे देण्याआधी बॅकलिंक म्हणजे काय, कोणती कामाची आणि कोणती नुकसानीची, हे एकदा नीट समजून घ्या.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या संकेतस्थळावरून आपल्या संकेतस्थळाकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. समजा, एखाद्या बातमीत तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा उल्लेख आला आणि शाळेच्या नावावर बोट ठेवताच तुमची साइट उघडली, तर ती तुम्हाला मिळालेली एक बॅकलिंक. तुम्ही स्वतःच्या साइटवरून दुसऱ्याला दिलेली लिंक तुमच्यासाठी बॅकलिंक नाही. ती त्या दुसऱ्यासाठी आहे.

याला एवढं महत्त्व आलं ते गुगलच्या जन्मापासून. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना १९९६ च्या सुमारास त्यांनी एका शोधयंत्रावर काम सुरू केलं. त्याचं पहिलं नावच ‘बॅकरब’ होतं. १९९८ मध्ये गुगल कंपनी झाली. त्यांची कल्पना विद्येच्या जगातून आली होती: ज्या संशोधन-लेखाचा उल्लेख इतर संशोधक करतात, तो लेख महत्त्वाचा. तसंच, ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचं. या मोजणीला ‘पेजरँक’ नाव मिळालं.

पण ही मोजणी नुसती डोकी मोजण्याची नव्हती. जे पान स्वतः वजनदार आहे, त्याच्या लिंकला जास्त वजन. आणि एखाद्या पानावर जेवढ्या जास्त लिंक असतील, तेवढं त्या पानाचं वजन त्यांच्यात वाटलं जातं. दोन लिंक असलेल्या पानावरची एक लिंक आणि पाचशे लिंक असलेल्या पानावरची एक लिंक सारखी नसते. आज गुगल इतर बऱ्याच गोष्टी बघतं: मजकूर, भाषा, शोधणाऱ्याचं ठिकाण, साइट किती लवकर उघडते वगैरे. तरी लिंकचं काम संपलेलं नाही.

रिश्त्याची चौकशी आणि लिंक

आपल्या घरात मुलीसाठी रिश्ता आला की आपण काय करतो? मुलाच्या मोहल्ल्यात चौकशी करतो. शेजाऱ्याला विचारतो, मशिदीच्या इमाम साहेबांना विचारतो, तो जिथे कामाला आहे तिथे विचारतो. मुलाला कधी न पाहिलेल्या पन्नास माणसांनी ‘लडका अच्छा है’ म्हटलं तरी आपण ते धरत नाही. पण त्याच्या दुकानाचा मालक एक वाक्य बोलला तर ते मनात राहतं, कारण तो त्याला ओळखतो.

दीनी इल्मातही हेच तत्त्व आपल्याला माहीत आहे. हदीस पारखताना उलमांनी सनद बघितली: सांगणारा कोण, तो विश्वासाचा आहे का, ज्याच्याकडून ऐकलं त्याला तो खरंच भेटला होता का. आम्ही ही मिसाल फक्त समजण्यासाठी देतोय, दोन्हींची बरोबरी करत नाही. मुद्दा एवढाच की गवाहीचं वजन गवाहावर ठरतं.

म्हणून ‘सुसंगत’ बॅकलिंक हा शब्द लक्षात ठेवा. लिंक सुसंगत आहे का, हे बघायला चार प्रश्न पुरतात.

१. लिंक देणाऱ्या साइटचा विषय किंवा गाव आपल्याशी जुळतं का?
२. ज्या पानावर लिंक आहे, त्या पानाचा मजकूर आपल्या कामाबद्दल आहे का?
३. ते पान खरी माणसं वाचतात का, की ते फक्त लिंका टाकण्यासाठी बनवलंय?
४. गुगल नसतं, तरी ही लिंक वाचणाऱ्याच्या उपयोगी पडली असती का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर लिंक बहुतेक चांगलीच असते.

आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं

उरूस: परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. सगळ्या धर्मांचे लोक बाहेरगावाहून येतात. येणाऱ्याला काय हवं असतं? संदल कोणत्या दिवशी, रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडवरून दर्गा रोडला कसं जायचं, रात्री मुक्काम कुठे, औषधाचं दुकान कुठे. दर्गा परिसरातल्या एखाद्या लॉजने किंवा हॉटेलने हे सगळं एका पानावर नीट लिहिलं आणि दरवर्षी ताजं ठेवलं, तर उरसाची बातमी देणारी न्यूज साइट, प्रवासावर लिहिणारा ब्लॉगर अशा लोकांना त्या पानाची लिंक देण्याचं कारण मिळतं. ‘आमच्या हॉटेलची लिंक द्या’ म्हटलं तर कुणी देत नाही. ‘येणाऱ्या लोकांसाठी माहितीचं पान बनवलंय’ म्हटलं तर निदान बघतात.

बी-बियाणं: वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या परभणीत आहे. ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात इथलीच. बियाण्याच्या दुकानदाराने आपल्या अनुभवातून लिहावं: आपल्या काळ्या जमिनीत भेंडी कधी लावली, पाणी किती दिलं, पिवळा पडणारा रोग कसा ओळखला. शेतीची माहिती देणाऱ्या साइटवरून अशा पानाला मिळालेली एक लिंक, सौंदर्यप्रसाधनाच्या किंवा परदेशी जुगाराच्या साइटवरून मिळालेल्या शंभर लिंकांपेक्षा मोलाची.

शाळा आणि ट्रस्ट: शाळेच्या लिंका जवळच असतात. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाचा दवाखाना असेल, कुणाचं दुकान, कुणी कॉलेजात शिकवत असेल. त्यांच्या साइटवर ‘माझं शिक्षण’ या ओळीत शाळेचं नाव आणि लिंक येऊ शकते. ज्या संस्थेसोबत स्पर्धा घेतली, ज्या डॉक्टरांनी शिबिर घेतलं, त्यांच्या कार्यक्रमाच्या पानावरही येऊ शकते. शिष्यवृत्तीची कागदपत्रं कोणती, फॉर्म कुठे भरायचा, शेवटची तारीख कोणती, हे मराठी आणि उर्दू दोन्हींत सोपं करून लिहिलेलं पान तर इतर शाळाही वापरतात.

उमरा टूर्स: इथे मामला फक्त रँकिंगचा नाही. लोकांची आयुष्यभराची बचत गुंतलेली असते आणि फसवणूकही होते. तुम्ही स्थानिक एजंट असाल तर कोणत्या कंपनीमार्फत लोकांना नेता, ते साइटवर स्पष्ट लिहा. त्या कंपनीला सांगा की आपल्या शाखांच्या किंवा प्रतिनिधींच्या यादीत तुमचं नाव लिंकसह टाकावं. अशी लिंक गुगलला दिसते, आणि पैसे भरण्याआधी चौकशी करणाऱ्या घरालाही दिसते. वाचकांनीही हीच चौकशी उलट बाजूने करावी: एजंट ज्या कंपनीचं नाव घेतो, त्या कंपनीच्या साइटवर त्याचं नाव आहे का?

विकत घेतलेल्या लिंका का नकोत?

गुगलच्या नियमांत रँकिंगसाठी लिंक विकणं आणि विकत घेणं हे ‘लिंक स्पॅम’ मध्ये धरलं जातं. ‘तू मला दे, मी तुला देतो’ असा सरसकट अदलाबदलीचा खेळ, सॉफ्टवेअरने जागोजागी टाकलेल्या लिंका, फक्त लिंकसाठी छापलेले रद्दी लेख, हेही त्यातच येतं. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि अशा लिंकांवर उभ्या असलेल्या कितीतरी साइट्स खाली गेल्या. आता ‘स्पॅमब्रेन’ नावाची यंत्रणा अशा लिंका ओळखून त्यांचं वजनच काढून घेते. म्हणजे पैसे गेले आणि फायदाही नाही.

मोठ्यांनाही सूट नसते. अमेरिकेतली जे. सी. पेनी ही मोठी दुकान-साखळी गाद्यांपासून कपड्यांपर्यंत असंख्य शोधांत पहिली दिसत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की तिच्याकडे येणाऱ्या हजारो लिंका असंबद्ध साइट्सवरून पेरलेल्या होत्या. गुगलने कारवाई केली आणि कंपनी अनेक शोधांत पहिल्या नंबरवरून खूप मागे फेकली गेली. कंपनीने सांगितलं की हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि आपली एसईओ एजन्सी काढून टाकली. पण नाव गेलं ते दुकानाचं. तुमच्यासाठी धडा हाच: एजन्सी काय करते, ते विचारत राहा. ‘लिंका कुठून येणार त्याची यादी द्या’ एवढं म्हणा. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर हात आखडता घ्या.

जाहिरात देणं मात्र चुकीचं नाही. पैसे देऊन लेख किंवा बॅनर लावला तर त्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण लावायची. ‘नोफॉलो’ २००५ पासून आहे, ‘स्पॉन्सर्ड’ २०१९ मध्ये आली. खूण लावली की व्यवहार उघड राहतो. आपल्या दीनमध्ये खोट्या गवाहीची गणना मोठ्या गुनाहांत आहे. ज्याने तुमचं काम कधी पाहिलंच नाही, त्याच्याकडून पैसे देऊन तारीफ लिहून घेणं कशात मोडतं, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावं.

एक गैरसमजही दूर करू. विकिपीडियावर आपली लिंक टाकून रँकिंग वाढत नाही. तिथल्या बाहेर जाणाऱ्या लिंकांना ‘नोफॉलो’ खूण असते, आणि जाहिरातीसाठी टाकलेली लिंक तिथले संपादक काढून टाकतात.

लिंक मागायची कशी?

लाजू नका, पण मागे लागू नका. आधी यादी करा: कोण आपल्याला खरंच ओळखतं? माल पुरवणारे, ज्यांना माल देतो ते, संघटना, माजी विद्यार्थी, स्थानिक पत्रकार. मग प्रत्येकाला वेगळा, छोटा निरोप लिहा. उदाहरणार्थ:

‘अस्सलामु अलैकुम भाई, उरसाबद्दल तुमच्या साइटवरचं पान वाचलं. त्यात बसची माहिती जुनी आहे. आम्ही यंदाची माहिती एका पानावर गोळा केली आहे. तुमच्या वाचकांना उपयोगी वाटली तर लिंक द्यावी. नाही दिली तरी हरकत नाही, बसची माहिती तेवढी दुरुस्त करून घ्या.’

लिंकवर कोणते शब्द असावेत, याचीही जबरदस्ती करू नका. ‘इथे क्लिक करा’ पेक्षा ‘परभणी उरूस: येण्याजाण्याची माहिती’ हे शब्द चांगले, कारण पान कशाबद्दल आहे ते कळतं. पण सगळीकडे तेच शब्द हुबेहूब दिसले तर ते बनावट वाटतं. लोक आपापल्या भाषेत लिहितात, तसंच राहू द्या.

साइट नव्याने बनवताना जुन्या पानांचे पत्ते बदलले तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवण्याची सोय करून घ्या. तसं केलं नाही तर आधी मिळालेल्या चांगल्या लिंका रिकाम्या पानावर जाऊन पडतात.

हिशेब कसा ठेवायचा?

‘गुगल सर्च कन्सोल’ ही गुगलची मोफत सोय आहे. त्यात आपली साइट जोडली की ‘लिंक्स’ या भागात कोणकोणत्या साइट्स आपल्याकडे बोट दाखवतात ते दिसतं. महिन्यातून एकदा बघा. अनोळखी फालतू लिंका दिसल्या म्हणून घाबरू नका. अशा लिंका सगळ्यांनाच येतात आणि गुगल बहुतेक वेळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. ‘मॅन्युअल ॲक्शन’ या भागात काही सूचना आली असेल तरच मामला गंभीर समजा.

दुकान किंवा ऑफिस असेल तर गुगल मॅपवरची नोंद आधी दुरुस्त करा. नाव, पत्ता आणि फोन साइटवर, मॅपवर आणि इतर याद्यांत एकसारखे असावेत. मराठीत ‘दर्गा’, ‘दरगाह’, ‘उरूस’, ‘उर्स’ असं लोक वेगवेगळं लिहितात, तेव्हा मजकुरात ही रूपं सहज येऊ द्या.

आणि सब्र ठेवा. लिंकचा परिणाम दिसायला आठवडे नाही, बहुधा महिने लागतात. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलही सांगतं.

शेवटी एक गोष्ट धंद्याच्या पलीकडची. आपल्या गावांबद्दल, शाळांबद्दल, बुजुर्गांबद्दल मराठीत कुणी शोधलं तर काय समोर येतं? आपल्यातल्याच कुणी चांगलं लिहिलं असेल आणि आपण त्याकडे बोटच दाखवलं नाही, तर ते खालीच राहणार आणि दुसऱ्याचं ऐकीव लिखाण वर येणार. म्हणून स्वतःसाठी लिंक मागण्याआधी या आठवड्यात आपल्या साइटवरून तीन चांगल्या पानांना लिंक द्या: गावातली एक शाळा, आपल्या विषयाचं एक माहितीपर पान, आणि आपल्या लोकांचा इतिहास मेहनतीने लिहिणारं एक पान. मोबदल्यात काही मागू नका. ज्यांना तुमची लिंक गेली, ते इन्शाअल्लाह एक दिवस तुमचं पानही उघडून बघतील.