प्रयोगशाळेतील गुरुपरंपरा

कोल्हापूरहून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की तासाभरात निपाणी लागते. विडीच्या तंबाखूची ही जुनी बाजारपेठ. ह्या पिकावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, मुलांची शिक्षणे झाली. आणि तंबाखूनेच कित्येक घरांत तोंडाचा कर्करोगही आणला. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आम्ही दोन्ही पाहिले आहे. म्हणूनच आमच्या धर्मग्रामातील जीवशास्त्राची एक पदवीधर मुलगी जेव्हा म्हणाली, "फादर, मला कर्करोगाच्या संशोधनात जायचे आहे, पण घरचे विचारतात, आणखी पाचसहा वर्षे शिकून पुढे काय?" तेव्हा उपदेश न करता आम्ही तिला एक इतिहास सांगितला.

मुंबईत २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. रोग्यावर उपचार करावेत, पण रोग का होतो हेही शोधावे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. १९५५ साली सांघवी, राव व खानोलकर ह्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे ह्यांचा मुख, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. निपाणीच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु खानोलकरांचे दुसरे कार्य आम्हांस तितकेच मोठे वाटते. त्यांनी माणसे घडविली. पुण्याच्या कमल समर्थ ह्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. तिचा ओढा मात्र जीवशास्त्राकडे. १९३९ मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे ह्यांच्याशी विवाह झाल्यानंतर, १९४३ साली, सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून त्यांनी एम.एस्सी. मिळविली. पुढे मुंबईत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट झाली.

येथेच गुरूची खरी परीक्षा असते. तयार झालेला हात आपल्याजवळच ठेवावा, असे कोणासही वाटेल. खानोलकरांनी मात्र शिष्येस परदेशी जाण्यास उत्तेजन दिले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या. मानवी पेशी अखंड वाढवत ठेवण्यात १९५१ साली यश आले, ते ह्याच प्रयोगशाळेत. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवावयाच्या, त्यांना वेळेवर पोषकद्रव द्यावयाचे, जंतूंचा स्पर्शही होऊ द्यावयाचा नाही. हे ज्ञान केवळ पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहून, पुन्हा पुन्हा चुकून ते हाती येते.

त्या परतल्या. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा संप्रेरके व विषाणू ह्यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला, आणि १९६६ ते १९७० ह्या काळात केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. ह्या संघटनेने पुढे वाशी येथे स्त्रियांसाठी वसतिगृह व पाळणाघर चालविले. बुद्धिमान स्त्री कोठे अडते, हे स्वतः त्या वाटेने गेलेल्या बाईंस नेमके ठाऊक होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या संस्थेचे काम २००२ पासून खारघरच्या विस्तृत परिसरात चालू आहे व तेथे तरुण विद्यार्थी पीएच.डी. करतात.

वाचकहो, हा मार्ग सुखाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. विद्यावेतन बेताचे, यश अनिश्चित, आणि वर्षभराचा प्रयोग एका सकाळी वाया जाऊ शकतो. पण रुग्णालयाच्या खाटेवर आज जो उपचार मिळतो, त्यामागे अशीच कोणाची तरी वाया गेलेली वर्षेही आहेत. गुरूने प्रश्न दिला, शिष्येस जाऊ दिले. शिष्या परतली आणि तिने पुढच्यांसाठी जागा केली. परंपरा म्हणतात ती हीच.

हे सारे मुलीच्या वडिलांनीही ऐकले. घराण्यात तंबाखूची शेती असलेला हा मनुष्य बराच वेळ गप्प होता. मग त्यांनी एवढेच विचारले, "फादर, तिकडे पोरीच्या राहण्याची सोय काय होईल?" त्या प्रश्नात नकार उरला नव्हता.